चोराच्या वाट्याचा घेवडा

आमच्या घरमालकीणबाईंच्या घेवड्यानं एकदा माझी मोटारसायकल पकडून ठेवली होती. खोटं वाटत असेल तर कोल्हापूरच्या फुलेवाडीत जाऊन कुणालाही विचारा. लोक माझ्यापेक्षा जास्त वाढवून सांगतील. शनिवारी मी गाडी मांडवाखाली लावली, दोन दिवस तापानं अंथरुणात पडलो आणि मंगळवारी सकाळी बघतो तर वेलानं हँडलला दोन वेढे घातलेले, क्लचची तार पोटाशी धरलेली आणि आरशावर जांभळ्या फुलांचा एक तुरा. शेंडा सोडवायला हात घातला तोच मागून आवाज आला.

"आरं ए! हात काढ आधी!"

"आक्का, कागलला जायचंय. फर्स्ट शिफ्ट हाय माझी."

"मग जा की. यष्टी न्हाय व्हय?"

"आन् गाडी?"

"गाडी काय पळून जात्या? फूल गळून शेंग धरूदे, मग ने."

पंधरा दिवस मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एसटीनं गेलो. गाडीचं काय झालं म्हणून सुपरवायझरनं विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्या माणसानं माझ्या आजवरच्या सगळ्या थापा गोड मानून घेतल्या होत्या, आणि नेमकं हेच त्याला पटलं नाही.

आक्का म्हणजे बांबूला नऊवारी नेसवावी तशा. उंच, वाळक्या, सरळ. आवाज मात्र असा, की त्यांनी अंगणातून "दूऽऽध!" म्हटलं की दूधवाला दोन गल्ल्या पलीकडं सायकल वळवायचा. वय सत्तरीच्या पुढं. किती पुढं ते विचारायची छाती फुलेवाडीत कुणाची नव्हती. मालक कधीच वारलेले, मूलबाळ नाही. खाली त्या, वर आम्ही. चार वर्षं मी त्यांच्या घरात राहिलो आणि त्यातली पहिली दोन वर्षं त्यांनी मला 'पावणं'च म्हटलं. एकदा मी म्हणालो, "आक्का, आता तरी नावानं हाक मारा." तर म्हणतात, "भाडेकरू म्हंजे पावणाच की. फकस्त जायचं नाव घीत न्हाय एवढंच."

दोन बाजली टाकली की संपेल एवढं अंगण. त्यात ना गुलाब, ना तुळशीशिवाय दुसरं काही. सगळं अंगण घेवड्याचं. हा घेवडा मंडईतला नव्हे. दाणा कॉफीच्या रंगाचा, टपोरा, आणि कडेला पांढरी रेघ, कपाळावर गंध ओढल्यासारखी. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा निपाणीकडच्या त्यांच्या आईनं त्यांच्या पदराला एक मूठ बांधून दिली होती. सोनं सासऱ्यानं मोडलं, भांडी वाटणीत गेली, माहेरचं घर भावानं विकलं. ती मूठ तेवढी राहिली. दरवर्षी पेरायची, दरवर्षी राखायची. म्हणजे आक्कांचं माहेर सांगायचं तर निपाणीत नाहीच, ते त्या मांडवावर.

पेरायची पद्धतही त्यांची त्यांची. मृगाच्या तोंडावर आळी करायची आणि प्रत्येक आळ्यात चार दाणे टाकायचे. टाकताना मोठ्यानं म्हणायचं, "एक पाखराचं, एक किड्याचं, एक चोराचं आन् एक आपलं."

मी म्हटलं, "पाखरू समजलं, किडा समजला. चोराला कशाला पेरायचं?"

"पावणं, चोराचा वाटा आधीच काढून ठिवला की चोरीचं वाईट वाटत न्हाय."

वेल वर चढला की आक्का त्याच्याशी बोलायला लागत. बोलायला म्हणजे भांडायला. दसरा उलटला आणि फूल दिसेना, की खराटा घेऊन उभ्या. बुंध्याला दोन फटके आणि वर तोंडाचा पट्टा: "खतं खातोयस, पाणी पितोयस, सावलीत झोपा काढतोयस! फुलायला काय मुहूर्त काढून आणू?" त्या आवाजानं गल्लीतली दहावीची पोरं अभ्यासाला बसत. आणि खरं सांगतो, आठ दिवसांत वेल वरपासून खालपर्यंत जांभळा. शेजारच्यांच्या छत्रीपर्यंत शेंडा गेला आणि त्यांच्या टीव्हीवर तीन दिवस नुसतं कन्नड लागत होतं. शेजारी तक्रार घेऊन आले ते पिशवीभर शेंगा घेऊन परत गेले. त्यांची सून बेळगावची, ती तर म्हणाली, शेंडा राहूदे.

शेंगा भरल्या की आक्का लाल दोरा घेऊन मांडवाखाली फिरत. सगळ्यात आधी आलेल्या, लांब, निरोगी शेंगा निवडायच्या आणि देठाला दोरा बांधायचा. ती बियाणाची शेंग. वेलावरच वाळेपर्यंत तिला कुणी बोट लावायचं नाही. "हिचं लगीन ठरलंय," आक्का म्हणत. एकदा समोरच्या वहिनींनी चुकून ठरलेल्या लग्नातली शेंग तोडून नेली. आक्का त्यांच्या स्वयंपाकघरात गेल्या, फोडणीच्या कढईत हात घातला आणि शेंग काढून आणली. दाणे उपयोगाचे राहिले नव्हते, पण तत्त्व म्हणून.

वाळलेले दाणे राखेत घोळून गाडग्यात, गाडग्याचं तोंड शेणानं लिंपून फळीवर. पेरणीच्या आधी एक दिवस बी वाटायचा. बाया पदर पसरून येत. आक्का सात-सात दाणे टाकत आणि अट सांगत: पुढच्या साली दुप्पट आणून द्यायचं, आणि तिन्हीसांजेला बी मागायला यायचं नाही. विकायचं तर नावच नको. राजारामपुरीतून एक बाई मोटारीतून आल्या आणि पर्स उघडली. आक्का म्हणाल्या, "बाई, इकत घेतलेलं बी घरात नोकरागत ऱ्हातंय. न्हेलेलं लेकीगत ऱ्हातंय. पर्स झाका आन् पदर पसरा." बाईंच्या अंगावर पंजाबी ड्रेस. बिचारीनं ओढणी पसरली.

आणि एक वाक्य तर महिन्यातून चारदा: "मी देणारी. मागणारी न्हवं."

हे वाक्य कुणासाठी होतं ते मला पुढं कळलं. गारगोटीला आक्कांची धाकटी जाऊ राहते. घरं वेगळी झाली त्या दिवशी धाकटीनं गाडग्यातून न विचारता एक मूठ बी नेलं. झालं. वीस वर्षं दोघी बोलत नव्हत्या. मी एकदा शहाणपणा केला: "आक्का, चोराचा वाटा तर तुम्ही पेरताच की. त्यातलं नेलं समजा."

"ती चोर हाय व्हय? ती घरची!" आक्का कडाडल्या. "चोरानं चोरायचं असतंय. घरच्यानं मागायचं असतंय!"

आता माझ्या पापाकडं येतो. टाळत होतो, पण येतोच.

दुसरं वर्ष, फाल्गुन. आक्कांचा वेल वाळून काढलेला, बी साठवलेलं, वाटायचं अजून बाकी. उंदरानं फळीवरचं गाडगं पाडून फोडलं म्हणून आक्कांनी बी राखेसकट तुपाच्या रिकाम्या डब्यात भरलं आणि पुतणीच्या लग्नाला चार दिवस गडहिंग्लजला गेल्या. जाताना किल्ली माझ्या हातात: "घरातलं काय लागलं तर घ्या पावणं, लाजू नगा." डब्याचं काही बोलल्या नाहीत. माझी बायको बाळंतपणाला माहेरी. अशात मेव्हण्याचा फोन, उद्या जेवायला येतो म्हणून. मेव्हणा तालमीतला, खाणं तीन माणसांचं. आणि त्यानं नुकतीच गळ्यात माळ घातलेली! कोल्हापुरात पाहुणा यावा आणि त्याला मटण चालू नये, हे संकट काय असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी घरभर डबे उघडत सुटलो आणि खाली आक्कांच्या ओट्याखाली तुपाचा डबा सापडला. राखेत घोळलेला घेवडा. आमची आईही खायचं कडधान्य राखेतच ठेवते. मला कशाला शंका येतेय? बी फळीवरच्या गाडग्यात असतं एवढं मला माहीत होतं, आणि फळीकडं मी वर मान करूनसुद्धा बघितलं नाही, इतका प्रामाणिक माणूस मी. सगळा डबा भिजत घातला.

अशी उसळ मी जन्मात खाल्ली नाही. कांदा-लसूण मसाला, वर कटाचा लालभडक तवंग, दाणा लोण्यासारखा. मेव्हणा सहा भाकरी खाऊन रडला. तिखटानं नव्हे, समाधानानं. आणि मी, शहाणा, एक वाटी आक्कांसाठी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आल्या. पाय धुतले, बसल्या. मी कौतुकानं वाटी आणि भाकरी पुढं ठेवली. त्यांनी पहिला घास घेतला, दोनदा चावला, आणि जबडा थांबला.

"पावणं, ह्यो घेवडा कुठला?"

"तुमचाच की आक्का! ओट्याखालच्या डब्यातला."

"सगळा?"

"मेव्हणा आलता..."

मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. खराट्याची वाट बघत उभा राहिलो. काही नाही. आक्कांनी उरलेली उसळ शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली, सावकाश, एकेक दाणा. वाटी धुतली, पालथी घातली. म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय." आणि आत गेल्या.

आक्का गप्प आहेत ही बातमी तासाभरात रंकाळ्यापर्यंत पोचली. दूधवाला दारात येऊन हळूच विचारून गेला, दवाखान्यात न्यायचं का. दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडवाच्या दोऱ्या सोडल्या आणि बांबू भिंतीला लावून ठेवले. बाईचं माहेर मी कांदा-लसूण मसाल्यात शिजवून मेव्हण्याला घातलं होतं. आता तोंड दाखवायचं कसं?

गाडी काढली. म्हटलं, एवढ्या बायांनी एवढी वर्षं बी नेलं, कुणाकडं तरी असेलच. हुपरीत पैंजण करणाऱ्या घरातल्या एक मावशी आक्कांकडून बी नेत, त्यांच्याकडं गेलो. डबा आणला, तर दाणे काळेकुट्ट, कडेला रेघच नाही. शेजारी मंडईतला घेवडा लावलेला, तो ह्यात मिसळला. कागलला आमच्याच कंपनीच्या वॉचमननं कुंपणावर वेल चढवला होता. साहेबांनी कुंपणाला रंग द्यायचा म्हणून उपटून टाकला. फुलेवाडीत तर घराघरात एकच उत्तर: "आवो, दुप्पट करून आक्कांस्नी दिलं आन् उरलेलं शिजवलं! आक्का दरसाली देत्यातच की. घरात कशाला ठिवायचं?" म्हणजे सगळ्या जिल्ह्याचं बी एका तुपाच्या डब्यात, आणि तो डबा माझ्या मेव्हण्याच्या पोटात.

हुपरीच्या मावशी दारापर्यंत आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "गारगोटीच्या धाकटीकडं असंल बघा."

घरी येऊन मी आक्कांना ते तसंच सांगितलं आणि चार पावलं मागं सरकलो. आक्का म्हणाल्या, "वेल बुडाला तरी चालंल. त्या दारात पदर पसरणार न्हाय." तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी सकाळी खाली उतरतो तर आक्का गाडीपाशी उभ्या. काष्टा आवळलेला, डोक्याला टॉवेल.

"गाडी काढा पावणं. मागायला येत न्हाय मी. चोरीचा माल कसा काय आलाय, नुस्तं बघून येऊया."

 मुदाळतिट्ट्यापर्यंत खड्डा आला की माझ्या खांद्यात त्यांची बोटं रुतायची, आणि त्या रस्त्याला खड्डे किती, हे माझा खांदा अजून सांगतो.

धाकटी आक्कांच्या बरोबर उलट. बुटकी, गोल, हसतमुख. आक्कांना बघून तिचं हसू जरा अडखळलं, पण बसायला घोंगडं टाकलं. मागं परडं, आणि परड्यात... काय सांगू! फाल्गुन सरत आला तरी मांडव हिरवागार, खाली वाळलेल्या शेंगांचे घोस, आणि निवडक शेंगांच्या देठाला लाल दोरा. तीच गाठ. आक्कांनी एकदा बघितलं आणि मान फिरवली.

दोघी एकमेकींकडं बघेनात. मधे मी, टेलिफोनच्या खांबासारखा.

"पावणं," आक्का म्हणाल्या, "हिला सांगा, हिकडनं चाललोतो म्हणून टेकलो."

"पावणं, त्यास्नी विचारा, हितनं फुडं नुस्ता डोंगर हाय. डोंगरात काय काम काढलंय?"

"हिला सांगा, मांडव बरा हाय. चोरीचं बी उगवत न्हाय असं ऐकलंवतं."

"त्यास्नी सांगा, वीस वरसं उगवतंय. त्या कोल्हापुरात बसून शिव्या देत्यात, त्या हितं खतागत लागत्यात."

"सांगा, मागितलं असतं तर पदर भरून दिलं असतं!"

"सांगा, मागितलं असतं तर 'मागून न्हेलं' म्हणून जलमभर ऐकवलं असतं!"

मला काही सांगायची गरजच पडत नव्हती. मी नुसती मान इकडून तिकडं फिरवत होतो. मग धाकटीनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "पावणं, यंदा थोरलीचं बी किती निघालं?"

मी तोंड उघडलं तोच आक्कांनी मांडीला चिमटा काढला. "सांगा, डबाभर!"

"व्हय की... डबाभर," मी म्हणालो. आयुष्यभर थापा मारलेला माणूस मी, पण त्या दिवशी माझं तोंड फितूर झालं. धाकटीनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग आक्कांच्या हातांकडं. ते हात पदराच्या टोकाला गाठ मारत होते आणि सोडत होते, मारत होते आणि सोडत होते.

धाकटी उठली. घसा मोकळा करून, गारगोटीच्या बाजारात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "च्या टाकतो! चूल पेटवायची हाय, येळ लागंल. लई येळ लागंल! परड्याच्या दाराची कडी मोडल्या, ढकललं की उघडतंय, तवा शेरडू शिरंल तेवढं बघा!"

ती आत गेली आणि आक्का उठल्या. सत्तरीची बाई कशी पळते ते मी त्या दिवशी बघितलं. दार ढकललं, बादली पालथी घातली, तीवर चढल्या आणि लाल दोऱ्याच्या शेंगा कटाकट तोडून पदरात. मी पहारा द्यायचा म्हणून स्वयंपाकघराच्या दारात डोकावलो.

चूल थंड. धाकटी खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी. एका हातात रिकामं पातेलं, दुसऱ्या हातात चमचा, आणि चहा ढवळल्याचा आवाज यावा म्हणून पातेल्यात खडखड, खडखड चमचा फिरवणं चाललेलं. मला बघून तिनं चमचा ओठांवर धरला. मग पुन्हा खडखड.

थोड्या वेळानं ती मोठ्यानं खोकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खोकून म्हणाली, "आलो बरं काऽ! निघालो बरं काऽ!" आणि बाहेर आली तेव्हा आक्का घोंगड्यावर बसलेल्या, पदर पोटाशी घट्ट, केसात घेवड्याचं पान.

"दूध नासलं," धाकटी म्हणाली. "च्या न्हाय."

"असूंदे असूंदे," आक्का म्हणाल्या, "आमाला गडबड हाय."

वीस वर्षांत दोघी पहिल्यांदा थेट बोलल्या ते हे.

गारगोटी मागं पडली आणि माझ्या पाठीवर धपाधप गुद्दे. "चोरलं! आरं, चोरलं की! तिच्या नाकाखालनं चोरलं! हाण गाडी!" मी गाडी हाणली. आक्का मागं पोरीसारख्या खिदळत होत्या, टॉवेल वाऱ्यावर, समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला हात करत होत्या. मुदाळतिट्ट्याला त्यांनी मला दोन प्लेट भजी चारली. तेव्हा ध्यानात आलं, 'पावणं' गेलं होतं आणि 'आरं' आलं होतं. त्या आनंदावर पाणी ओतायला मी मूर्ख नव्हतो. रिकाम्या पातेल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही.

मृगाला बांबू पुन्हा उभे राहिले. एक पाखराचं, एक किड्याचं, एक चोराचं, एक आपलं. माझी मोटारसायकल अटकेत पडली ती त्याच साली; आता तुम्हीच सांगा, मी त्या वेलाला कुठल्या तोंडानं नको म्हणणार होतो?

आणि पुढच्या फाल्गुनात एका सकाळी धाकटी अंगणात उभी. हातात एसटीचं तिकीट, खांद्याला पिशवी. "दवाखान्यात आलतो, म्हटलं टेकावं," असं मला म्हणाली. आक्कांनी घोंगडं टाकलं. "पावण्या बाईला सांग," मला म्हणाल्या, "च्या टाकतो म्हणावं. लई येळ लागंल." आणि मला दंडाला धरून आत घेऊन गेल्या.

आत बघतो तर गॅस बंद. आक्कांनी फळीवरून रिकामं पातेलं काढलं, चमचा घेतला, आणि खडखड, खडखड. मी आ वासून बघत राहिलो.

"आक्का, तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"थंड चुलीवर च्या उकळल्याचा वास येत न्हाय रं, येड्या." चमचा चालूच. "बघ जरा फटीतनं. हात पोचतोय का तिचा? गुडघं दुखत्यात तिचं."

"पोचतोय. सगळ्या शेंगा तुम्ही खालीच बांधल्यात की."

"किती घेतल्या?"

मी बघितलं. धाकटीची पिशवी फुगली होती. "आपण आणल्या त्याच्या दुप्पट."

चमचा थांबला. आक्कांनी पातेल्यात बघितलं, जणू आत खरंच चहा होता आणि त्याला आत्ता कुठं रंग आला होता.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "आता खोक मोठ्यानं. चोराला सावध कराय पायजे."